गुडघ्याखालची हवा

या, जरा पुढे सरकून बसा. ही लांबून ऐकायची गोष्ट नाही. आवाज चढवला की तिचं भांडण होतं, आणि भांडण माझं करून झालेलं आहे. गाऊन सांगता आली असती तर बरं झालं असतं. गाऊन सांगणारा रागाला सुरात बसवतो, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो आणि घरी पाठवतो. माझ्या गळ्यात सूर नाही, पण जे सांगेन ते सगळं सांगेन, पोटात काही ठेवणार नाही. एक तळं आहे, एक बाक आहे, एक मेणबत्ती आहे. देवापुढेही मी हे रागातच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, तुम्हीही घ्याल.

गुरुवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपून पंधरा मिनिटं झाली असतील, मी माझ्या टेबलाशी मुद्रितं तपासत होते. अठ्ठावीस वर्षं मी या छापखान्यात हेच करते. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि तांबड्या पेन्सिलीने त्यांच्या चुकांना खूण करायची. खालच्या मजल्यावर यंत्र चालू असलं की टेबल थरथरतं, चष्म्याचं घर हळूहळू कडेला सरकतं आणि मी ते न बघता मागे ढकलते. त्या दिवशीचं काम होतं विहिरी उपसणाऱ्या कामगारांसाठी काढलेली एक पातळ पुस्तिका. पान नऊ. ‘उतरण्यापूर्वी पेटता दिवा दोरीने तळापर्यंत सोडावा. दिवा विझल्यास कोणीही खाली उतरू नये. जड वायू तळाशी साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. जुन्या विहिरी, तळघरे, तसेच ज्वालामुखीच्या तळ्यांकाठचे खळगे येथे, विशेषतः वारा पडलेला असताना, हा धोका असतो. उभ्या माणसास काही जाणवत नाही. बसलेल्यास, लहान मुलास व जनावरास तो प्राणघातक ठरतो.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी ते पुन्हा वाचलं. चष्म्याचं घर टेबलावरून खाली पडलं आणि मी ते उचललं नाही.

समोर बसून पानं लावणारा आमचा मांडणीवाला म्हणाला, “काय बाई, सापडली वाटतं चूक?”

“सापडली.”

“कोणाची?”

“माझी.”

“मग सोडा की. स्वतःच्या चुकीला तांबडी पेन्सिल कोण लावतं?”

तो हसला. चांगला माणूस आहे. पण त्या क्षणी मला त्याच्या हसण्याचा, त्याच्या स्वच्छ कॉलरचा, त्याच्या डब्यातल्या उरलेल्या पावाच्या तुकड्याचासुद्धा राग आला. राग असा आला की तो कोणावर आहे हेच कळेना. पायांतून येत होता, टेबल थरथरावं तसा.

माझे वडील वाटा करायचे. डोंगरांतल्या पायवाटा आखणाऱ्या खात्यात ते कामाला होते आणि त्यांच्याकडे एकच जागा होती: एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं गोल, हिरवं तळं. काठावरून पाण्यापर्यंत उतरणारी वाट त्यांनी केली. मुलाबाळांना घेऊन जाता येईल अशी वाट करा, असा वरून हुकूम होता, तेव्हा त्यांनी मलाच मोजपट्टी केली. मी चार वर्षांची. जिथे मी “बाबा, उचलून घ्या” म्हणायचे, तिथे ते खुंटी ठोकायचे. घ्यायचे नाहीत, खुंटी ठोकायचे. मग ती चढण मोडून तिथे एक वळण द्यायचे. त्या वाटेला एकेचाळीस वळणं आहेत, आणि ती सगळी माझ्या किरकिरीची आहेत. पुढे शहरातल्या आया ‘किती सोपी वाट आहे, पोरं कुरकुरलीसुद्धा नाहीत’ असं म्हणत ती उतरायच्या तेव्हा मी मनात म्हणायचे, तुमच्या पोरांची कुरकुर मी आधीच करून ठेवलीय. खाली पाण्याकाठी दगड असे हलके होते की पाण्यात टाकले की तरंगायचे. मला वाटायचं सगळ्याच जगातले दगड तरंगतात. शाळेत तसं सांगितलं आणि वर्गभर हसू झालं, तेव्हापासून मी लिहिलेलं तपासून बघायला लागले असेन.

आणि आमच्याबरोबर मिरी असायची. मिरी म्हणजे आमची कुत्री, मिऱ्याच्या दाण्यासारखी काळी आणि बारकी, बाबांची नव्हे, माझी. मी सात वर्षांची होते. ढगाळ दिवस, वारा पूर्ण पडलेला, पाण्यावर एक सुरकुती नाही. पाण्याच्या कडेला, वाटेपासून वीसेक पावलांवर एक खळगा आहे, ओंजळीसारखा. तळाला मऊ गवत, तिन्ही बाजूंना दगड, समोर तळं. थकलेल्या माणसाने बसावं म्हणूनच देवाने ती जागा केली असं वाटतं. मिरी पुढे धावली, खळग्यात उतरली, एक गिरकी घेतली आणि पंजांवर डोकं ठेवून आडवी झाली. मी तिच्याकडे जाऊन तिच्या पोटाला टेकून बसणार होते. दोन पावलं उरली असतील. बाबांनी मागून माझा दंड धरला, मला वर ओढलं आणि तोंडात मारली. त्याआधी त्यांनी मला कधी हात लावला नव्हता आणि त्यानंतरही नाही. त्या एका थपडेने माझं पूर्ण बालपण दोन भागांत कापलं गेलं. मी ओरडत होते, मिरीला आणा, मिरी राहिली. ते मला फरफटत वर नेत होते आणि म्हणत होते, “झोपलीय ती. झोपू दे.” त्यांनी मागे वळून बघितलं नाही. तीन दिवसांनी, जोराचा वारा सुटला तेव्हा, ते पोतं घेऊन एकटे गेले. मी खिडकीतून पाहिलं आणि ठरवलं: या माणसाने माझी कुत्री झोपेत सोडून दिली, आणि ती मेली.

सात वर्षांच्या पोरीने ठरवलेली गोष्ट किती टिकते? माझी त्रेचाळीस वर्षं टिकली. त्या दिवसापासून बाबा खळग्याजवळून जाताना थांबायचे, खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढायचे, डब्याच्या झाकणावर चिकटवून पेटवायचे आणि सुतळीने हळूच खाली सोडायचे. मी पाठ फिरवून उभी राहायचे. मला वाटायचं, हे मिरीसाठी आहे. पश्चात्ताप आहे. आता दिवे लावतायत, तेव्हा मात्र दहा पावलं खाली उतरले नाहीत. ते काही बोलायचे नाहीत. त्यांना कारण सांगायची सवयच नव्हती. हे कर, ते करू नको, संपलं. खात्याच्या माहितीपत्रकात दरवर्षी ते एक ओळ घालायला लावायचे: ‘तळ्याकाठच्या खळग्यात कोणी बसू नये, मुलांनी तर नाहीच.’ का, ते नाही. माहितीपत्रक आमच्याच छापखान्यात छापलं जातं. दरवर्षी ती ओळ माझ्या टेबलावर यायची आणि दरवर्षी मी मनात म्हणायचे, तुमच्या एका कुत्रीपायी सगळ्या जगाने उभं का राहायचं?

बाबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आली. नवं पान, गुळगुळीत कागद, वर हसऱ्या आईबापांचं आणि दोन मुलांचं चित्र. मजकूर दोन ओळींनी जास्त भरत होता. मांडणीवाला म्हणाला, “बाई, काहीतरी गाळा.” मी ती ओळ गाळली. खात्याला विचारलंसुद्धा नाही. कोणाला सांगणार नव्हते, तुम्हाला सांगते: मला बरं वाटलं. पेन्सिल ओळीवरून फिरताना असं वाटलं की आता आपलं फिटलं, तुमचं आणि माझं.

आणि आता येत्या रविवारी बाबांच्या स्मरणार्थ तिथे बाक बसणार होतं. बसणार कुठलं, बसलं होतं. रविवारी त्यावर पहिल्यांदा बसण्याचा कार्यक्रम होता. माझा धाकटा भाऊ सुतार आहे. त्याने ते स्वतः केलं, जुन्या सागवानाचं, चार महिने रोज संध्याकाळी खपून. जागा खात्याच्या नव्या साहेबांनी निवडली; भावाला बाबांनी तळ्यावर कधी नेलंच नव्हतं. कुठली निवडावी त्यांनी? वारा लागत नाही, जमीन सपाट आहे, समोर तळं. बाबांनी आयुष्यभर जिथे कोणाला बसू दिलं नाही तिथेच आम्ही त्यांच्या नावाचं बाक बसवलं होतं. बाबांची ओळ पत्रकात असती तर साहेबांनी ती वाचली असती. नसती वाचली तर कोणीतरी बोट दाखवून विचारलं असतं. ओळ नव्हती. माझ्या पेन्सिलीने ती नेली होती.

मी खात्यात फोन लावला. साहेब स्वतःच बोलले, गोड.

“अहो ताई, आम्ही पाच जण तिथे तासभर बसून जेवलो. उत्तम हवा. कोणाला साधा ठसकासुद्धा लागला नाही.”

“त्या दिवशी वारा होता का?”

“होता थोडा. म्हणून तर ती जागा. आडोशाची.”

“वारा नसताना बघा. आणि बाकावर नका बसू. खाली गवतात बसून बघा.”

“ताई,” ते हसले, “मी साहेब आहे हो. गवतात कसा बसू?”

त्या हसण्यावर मी फोन ठेवला. मग भावाला लावला. त्याच्या मागे करवत चालू होती, ती त्याने बंद केली नाही.

“खळग्यात विषारी हवा साचते,” मी म्हटलं. “बाक हलव.”

“कोण म्हणतं?”

“पुस्तकात आहे.”

“कुठल्या?”

“विहिरींच्या.”

करवत थांबली. “ताई, विहिरींच्या? चार महिने मी खपलो, तू एकदा बघायला आली नाहीस. शेवटच्या दुखण्यात बाबांजवळ तू दोन रात्री राहिलीस, मोजून. तुला त्यांचं काहीच कधी आवडलं नाही. आता त्यांचं बाकसुद्धा तुला विषारी वाटतं?”

“भिंगरी येणार आहे ना रविवारी?”

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी, चार वर्षांची, पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून भिंगरी.

“येणार. तीच बसणार आधी. आजोबांचं बाक आहे तिच्या,” तो म्हणाला आणि करवत पुन्हा सुरू झाली.

रविवारी मी गेले. पिशवीत एक मेणबत्ती, काडेपेटी, डब्याचं झाकण आणि छापखान्यातलं पुस्तकं शिवायच्या दोऱ्याचं रीळ. वाटेच्या तोंडाशी नवी पाटी होती, त्यावर तेच हसरं कुटुंब, ‘सोपी वाट, सर्व वयांसाठी’. मी त्या रंगवलेल्या आईच्या दातांकडे बघत राहिले. वीसपंचवीस माणसं होती, पाठीवर डबे, कडेवर पोरं, सगळी खूश. आणि दिवस ढगाळ. झाडाचं पान हलत नव्हतं. रात्रभर मी देवाला म्हणत होते, वारा सोड, एवढाच सोड. आणि तो गप्प होता, बाबांसारखा. एकेचाळीस वळणं उतरताना प्रत्येक वळणावर मला माझा चार वर्षांचा आवाज ऐकू येत होता, उचलून घ्या, उचलून घ्या. भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. भावजय दोघांच्या मधून चालत होती, एकदा त्याला पाणी देत होती, एकदा मला. भिंगरी पुढे. साहेब नवे बूट घालून आले होते आणि दर वळणाला ते पुसत होते. मी त्यांना सांगितलं, खळग्याआधी सगळ्यांना थांबवा. ते म्हणाले, “हो हो, थांबवू की,” आणि कोणाला तरी तळ्याची खोली सांगायला लागले. मला वाटलं, माझं बोलणं हे लोक बाईचं बोलणं म्हणून ऐकतायत, म्हातारी होत चाललेल्या, एकट्या राहणाऱ्या, पुस्तकांत डोकं घातलेल्या. आणि त्याच वेळी वाटलं, बाबांनाही असंच वाटलं असेल का? बोलून बघितलं असेल आणि कोणी हसलं असेल, म्हणून गप्प झाले असतील? पण नाही. माझ्यापाशी तरी बोलायचं. मी हसले नसते. माझी कुत्री होती.

शेवटचं वळण उतरलो आणि ते दिसलं. सुंदर होतं हो, खोटं कशाला बोलू. माझ्या भावाच्या हातात बाबांचेच हात आहेत. हिरव्या गवतात ते सागवानी बाक, मागे काळा दगड, पुढे आरशासारखं पाणी. सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘वा’ निघालं, आणि त्या आवाजाने भिंगरी सुटली. “आजोबांचं बाक!” म्हणत सुटली, हातातला तरंगता दगड फेकून, थेट खळग्याकडे. साहेबांनी हात पुढे केला तो तिच्या डोक्यावरून गेला. मी पन्नास वर्षांची आहे, माझे गुडघे दुखतात, मी कशी धावले मला माहीत नाही. काठावर तिचा दंड धरला, वर ओढलं आणि तोंडात मारली.

तळ्यावर आवाज फुटला आणि समोरच्या कड्यावरून परत आला. माझा पंजा जळत होता. तेवढ्या वेळात मला कळलं ते असं: थप्पड आधी येते, माणूस नंतर. भीती हातातून बाहेर पडते, कारण तोंडातून यायला तिला वेळ नसतो. आणि हेही कळलं की त्यानंतर मात्र वेळ असतो. त्यानंतर अख्खं आयुष्य असतं. ते त्यांनी का वापरलं नाही?

“ताई, हात का उचललात तिच्यावर?” भावजयेने तिला माझ्याकडून ओढून घेतलं. भाऊ माझ्यापर्यंत आला, इतका जवळ की त्याच्या सदऱ्याचा भुशाचा वास आला. “तू नीघ इथून. आत्ताच्या आत्ता.”

“निघते,” मी म्हटलं. “दोन मिनिटं दे. मग कधीच येणार नाही.”

मी झाकणावर मेणबत्ती चिकटवली, तीन दोरे बांधले, पेटवली. दोन काड्या फुकट गेल्या. काठावरच्या दगडावर उभी राहून मी दोरा सोडत गेले, जसे ते सोडायचे. ज्योत सरळ होती. बाकाच्या पाठीपर्यंत सरळ. बसायच्या फळीच्या वीतभर वर ती बारीक झाली, पिवळी झाली, आणि गेली. फडफडली नाही. कोणी तरी चिमटीत धरल्यासारखी गेली. धूर वर आला नाही, आडवा पसरला, एका सपाट पातळीवर, आणि त्या न दिसणाऱ्या हवेची वरची कड क्षणभर आम्हा सगळ्यांना दिसली.

“वाऱ्याने विझली असेल,” साहेब म्हणाले.

“कुठाय वारा?”

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. भावाने माझ्या हातातून दोरा घेतला, मेणबत्ती स्वतः पेटवली, दुसरीकडून सोडली. गेली. तिसऱ्यांदा त्याने भिंगरीकडे पाहिलं, गवतात बसली तर तिचं तोंड आपल्या पायावर कुठे येईल ते बोटाने मोजलं, आणि ज्योत तिथवर सोडायला घेतली. तिथे पोचायच्या कितीतरी आधीच ती विझली. त्याने दोरा वर गुंडाळला, अगदी नीट, रिळावर. मग बाक आणताना बांधलेला दोर आपल्या पिशवीतून काढला, काठावरूनच फास टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बाकाच्या पाठीला बसला.

“अहो, खात्याची वस्तू आहे ती,” साहेब म्हणाले. “रीतसर अर्ज करा, आम्ही माणसं पाठवून बोल्ट काढतो.”

“बोल्ट जमिनीला आहेत,” भाऊ म्हणाला. “वाकणार कोण? तुम्ही?”

कडेवर तान्हं घेतलेली एक बाई मागून म्हणाली, “साहेब, तोंड राहू द्या, दोर धरा.” आणि साहेबांनी दोर धरला, नवे बूट चिखलात रुतवून. आठ माणसं ओढत होती. बाक हलेना. भाऊ दात खात म्हणाला, “माझं काम आहे. सहज निघायचं नाही.” मग लाकूड ओरडलं, दोन पाय बुडाशी मोडले, आणि बाबांच्या नावाचं बाक फरफटत, गवत उपटत, काठावर आलं. मला वाटलं, चला, या वेळी कोणाला तरी मागे वळून वर ओढलं.

भाऊ त्या मोडक्या बाकाशेजारी जमिनीवर बसला. “मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“मलाही नाही.”

“तुला निदान थप्पड दिली.”

पत्रकातल्या ओळीचं मी त्याला तिथेच सांगितलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी मागितलंही नाही.

वर चढताना भिंगरी आईचा हात धरून होती, माझ्याकडे बघत नव्हती. गालावर माझी बोटं अजून होती. अकराव्या वळणावर ती थांबली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “आत्या, मला का मारलंस?”

माझ्या तोंडात पहिला शब्द आला तो ‘काही नाही’. तो मी गिळला. गुडघे दुखत होते तरी खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं, आणि सांगितलं. हवा, मेणबत्ती, मिरी, बाबा, सगळं. सोपं करून नाही सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, “मिरीचे दोन्ही कान काळे होते?”

मला आठवेना. सगळ्या वर्षांचा राग मी जपला होता आणि कुत्रीचा कान हरवून बसले होते. मग आठवलं. “डावा पांढरा होता. नुसतं टोक.”

“मी अजून रागावलेय,” भिंगरी म्हणाली.

“राहा,” मी म्हटलं. “मीपण आहे.”

दुसऱ्या दिवशी साहेबांची सही घेऊन ती ओळ मी माहितीपत्रकात परत घातली, या वेळी कारणासकट. मजकूर पाच ओळींनी वाढला. मांडणीवाला म्हणाला, “बाई, काहीतरी गाळावं लागेल.” मी हसऱ्या कुटुंबाचं चित्र गाळलं. बाकाला भावाने दोन नवे पाय केले. ते आता वर सातव्या वळणावर आहे, जिथे भरपूर वारा लागतो आणि कोणी फार वेळ बसत नाही. त्यावर बाबांचं नाव आहे, लोक वाचतात, त्यांची आठवण निघते. त्यांची मला काळजी नाही. त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे, आणि ते देवाच्या दारात पुरं होईल. पण जिच्यामुळे त्यांना कळलं, जी माझ्या दोन पावलं पुढे धावली म्हणून मी तुमच्यासमोर बसून बोलतेय, तिच्या नावाची कुठे पाटी नाही. तुमच्याकडे एवढंच मागते. मुलांना घेऊन कुठे उतरलात, वारा पडलेला असला, आणि एखादी जागा फारच छान वाटली, तर बसण्याआधी तिची आठवण काढा. बारकी होती. काळी होती. डाव्या कानाचं टोक पांढरं होतं.